अंगणवाडीच्या ताई काय शिकून आल्या?



मागे एकदा आमच्या गावच्या अंगणवाडीच्या ताई तीन दिवस तालुक्याला गेल्या होत्या. अंगणवाडी उघडी होती. मदतनीस बाई पोरांना सांभाळत होत्या. खिचडीही वेळेवर शिजत होती. पण ताई दिसेनात, तेव्हा पारावर बोलणे निघाले.

एका आजीबाईंनी विचारले, "ताई कुठं गेल्या म्हणायच्या?"

"शिकायला गेल्यात. लहान पोरांचा नवा अभ्यासक्रम आलाय."

आजीबाई हसल्या. म्हणाल्या, "अगं बाई! पोरं सांभाळायला कसलं आलंय शिक्षण? मी सहा पोरं वाढवली. मला कुणी शिकवलं होतं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण तेवढ्यात एक तरुण बाप म्हणाला, "गुरुजी, हसू नका. माझा पोरगा वर्षभर अंगणवाडीत जातोय. अजून त्याला 'अ' काढता येत नाही. नुसता खेळतोय. माझा भाऊ तालुक्याला राहतो. त्याचा पोरगा एवढाच आहे. तो नर्सरीत जातो आणि पाटीभर लिहितो. मीही माझ्या पोराला तिकडंच घालणार. फी पडली तरी चालेल."

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या बापाला मुलाची काळजी आहे. फीचे पैसे तो पोटाला चिमटा घेऊन देणार आहे. म्हणून ताई कशासाठी गेल्या आणि काय शिकून आल्या, हे आपण नीट समजून घेऊ.

आजीबाईंचे खरे, पण अर्धे

आजीबाईंनी सहा पोरे वाढवली, हे खरे. पण ती सहा पोरे एका वेळी तीन-चार वर्षांची नव्हती. धाकटे रांगत होते, तेव्हा थोरले गुरांमागे जात होते. घरात सासू होती, जावा होत्या. कुणी ओव्या म्हणत होते, कुणी गोष्ट सांगत होते. पोर आईबरोबर शेंगा फोडायचे, कणकेचा गोळा घेऊन चिमणी करायचे. शिकणे चालूच होते. त्याला कुणी शिक्षण म्हणत नव्हते, इतकेच.

आता ताईंकडे बघा. एक खोली. वीस-पंचवीस पोरे. सगळी तीन ते सहा वर्षांची. एक रडते आहे, दुसरे चावते आहे, तिसरे कोपऱ्यात गप्प बसले आहे. सगळ्यांना तीन-चार तास आनंदात ठेवायचे आणि त्यातून काही शिकवायचेही. हे नुसत्या मायेने होत नाही. माया तर हवीच. पण त्याला कसबही लागते. सुतार नुसत्या हौसेने नांगर करत नाही. तो आधी कुणाच्या तरी हाताखाली राहतो.

वाफसा

आपण शेतकरी माणसे. पाऊस पडला की लगेच तिफण धरतो का? नाही. वाफसा येण्याची वाट बघतो. चिखलात पेरले तर बी कुजते आणि जमीनही बिघडते.

मुलाच्या हाताचेही असेच आहे. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती खरी हाडे नसतातच. कानाच्या वरच्या भागासारखी ती मऊ, लवचीक असतात. वर्षे जातात तसे एकेक हाड घट्ट होत जाते. मूल सहा वर्षांचे झाले तरी आठही हाडे तयार झालेली नसतात. बोटांतही अजून जोर आलेला नसतो. अशा हातात पेन्सिल देऊन "ओळीत लिही" म्हटले, तर मूल मूठ आवळते, जीभ बाहेर काढते आणि दमते. चार दिवसांनी त्याला पाटी नकोशी होते.

मग हाताला वाफसा कसा यायचा? माती मळून. मणी ओवून. वाळूत बोटाने रेघा ओढून. कागद फाडून चिकटवून. दोरीची गाठ सोडवून. ही सगळी लिहिण्याचीच पूर्वतयारी आहे. नांगरट आणि कुळवणी झाल्याशिवाय पेरणी नाही.

जिभेचे आणि डोक्याचेही तसेच. ज्या मुलाने पुष्कळ गोष्टी ऐकल्या, पुष्कळ बडबड केली, त्याला पुढे वाचन सोपे जाते. कारण वाचायचे ते शब्द त्याच्या ओळखीचे असतात. ज्याने चिंचोक्यांचे लहानमोठे ढीग केले, त्याला 'जास्त' आणि 'कमी' कळते. मग आकडा कळायला वेळ लागत नाही.

माझी चूक

हे मला तरी कुठे माहीत होते? मी प्राथमिक शाळेत हेडमास्तर होतो. दर जूनमध्ये पहिलीत मुले यायची. मी अंगणवाडीच्या बाईंना बजावायचो, "बाई, मुलांना मुळाक्षरे घोटवून पाठवा. आमचा वेळ वाचतो." त्या बिचाऱ्या तसे करायच्या. मी हेडमास्तर, त्या सेविका. माझा शब्द कशा मोडणार?

एका वर्षी एक मुलगा आला. पाटीवर 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळे काढायचा. अक्षर मोत्यासारखे. मला आनंद झाला. मी 'म'वर बोट ठेवले आणि विचारले, "हे काय रे?" तो गप्प. मग मी विचारले, "तुझं घर कुठं आहे? घरी कोण कोण असतं?" तरीही गप्प. जरा आवाज चढवला, तर रडायलाच लागला. त्याला अक्षरांची चित्रे काढता येत होती. पण ते अक्षर म्हणजे काय, हे ठाऊक नव्हते. आणि मोठ्या माणसाशी बोलण्याची भीती मात्र पक्की बसली होती.

पुढे तो वर्षभर मागे राहिला. त्याच वर्गात एक मुलगी होती. तिला एकही अक्षर येत नव्हते. पण ती घडाघडा बोलायची, गोष्ट सांगायची, दहा खडे मोजून द्यायची. दिवाळीपर्यंत ती वाचायला लागली. तेव्हा माझे डोळे उघडले. चूक मुलाची नव्हती. अंगणवाडीच्या बाईंचीही नव्हती. वाफशाआधी पेरा म्हणणारा मी होतो.

ही गोष्ट आजची नाही

खेळातून शिकवावे, हे कुणी आज नव्याने शोधलेले नाही. आपल्याच महाराष्ट्रात दोन थोर बायांनी हे करून दाखवले आहे. एक ताराबाई मोडक आणि दुसऱ्या अनुताई वाघ.

ताराबाईंनी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर लहान मुलांच्या शिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पण ताराबाईंच्या मनात एक सल होता. हे शिक्षण शहरातल्या चांगल्या घरच्या मुलांनाच मिळते. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाचे काय?

म्हणून १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. आता ते पालघर जिल्ह्यात आहे. त्याच साली अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा होत्या. मोठ्या कष्टाने शिकून शिक्षिका झालेल्या. बोर्डीला बालवाडी सुरू झाली. पण गरीब वस्तीतली मुले तिकडे येईनात. तेव्हा बाया स्वतःच वस्तीत गेल्या. मुलांना आंघोळ घातली, केस विंचरले, आणि तिथेच कुणाच्या तरी अंगणात गाणी-गोष्टी सुरू केल्या. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द असा जन्माला आला.

परदेशी पद्धतीची खेळणी महाग होती. खेड्यात ती कुठून आणायची? मग शंख-शिंपले, बिया, माती, पाने, गोटे यांचीच साधने केली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारली मुलांपर्यंत पोचले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणातच शाळा भरवली.

आता आपल्या विषयातली मुख्य गोष्ट ऐका. या दोघी नुसती मुले शिकवून थांबल्या नाहीत. त्यांनी बालवाडीच्या शिक्षिका तयार केल्या. नव्या बाईने आधी जाणत्या बाईजवळ बसायचे, बघायचे, मग स्वतः करायचे. एक चांगली बालवाडी एका गावाला पुरते. एक चांगली शिक्षिका तयार झाली, तर ती पुढे कितीतरी वर्षे मुलांना पुरते.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशात आधी ३३ ठिकाणी. नंतर ती गावोगाव पोचली. या योजनेत सहा कामे आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी मुलाला दवाखान्यात पाठवणे, आयांना आहार व आरोग्याची माहिती देणे, आणि शाळेआधीचे शिक्षण. आहार आणि लस यांकडे सर्वांचे लक्ष गेले, आणि ते योग्यच झाले. पोर जगले तर शिकेल. पण सहावे काम पुष्कळ ठिकाणी मागे पडले. अंगणवाडी म्हणजे खिचडीचे घर, अशी समजूत झाली.

नवा अभ्यासक्रम

२०२० साली देशाचे नवे शिक्षण धोरण आले. तीन वर्षांपासून आठ वर्षांपर्यंतचे शिक्षण हा पाया आहे, असे त्यात मानले आहे. म्हणजे अंगणवाडी आता शाळेच्या उंबऱ्याबाहेर राहिली नाही. ती पहिली पायरी झाली. महाराष्ट्रात अंगणवाड्यांसाठी 'आकार' नावाचा अभ्यासक्रम आला. २०२३ साली केंद्र सरकारने 'पोषण भी, पढाई भी' हे काम हाती घेतले. नावातच सगळे आले. पोटाला खाऊ आणि डोक्यालाही खाऊ. २०२४ साली तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी 'आधारशिला' हा राष्ट्रीय अभ्यासक्रम निघाला.

यात धडे आणि परीक्षा नाहीत. आठवड्या-आठवड्यांचे खेळ आणि कामे आहेत. वर्षाचे ४८ आठवडे धरले आहेत. पहिले चार आठवडे मुलांना रुळवण्याचे. घर सोडून आलेले मूल आधी रडायचे थांबले पाहिजे. पुढचे ३६ आठवडे शिकण्याचे आणि शेवटचे आठ आठवडे उजळणीचे.

ताईंनी प्रशिक्षणात काय केले?

ताई परत आल्यावर मी मुद्दाम विचारले, "काय शिकवलं?" त्या हसून म्हणाल्या, "गुरुजी, आम्हालाच लहान पोरं केलं!"

ते असे. चाळीस-पन्नास वर्षांच्या बाया जमिनीवर गोल बसल्या. त्यांना माती दिली. त्यांनी बैल केले, चूल केली. मग विचारले, "हे करताना बोटांनी काय काय केलं?" कुणी सांगितले, दाबले. कुणी सांगितले, लांबवले, चिमटीत धरले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की हीच चिमटी पुढे पेन्सिल धरणार आहे.

मग एकीने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी मुले व्हायचे. गोष्ट सांगून मोकळे व्हायचे नाही, तर मध्ये थांबून विचारायचे, "आता कावळ्याचं घर वाहून गेलं. तो कुठं जाईल? तू असतास तर काय केलं असतंस?" याला एकच बरोबर उत्तर नाही. म्हणून कुणीच चुकत नाही आणि सगळेच बोलतात.

आणखी काही गोष्टी त्या शिकल्या. मूल घरी जी बोली बोलते, ती अंगणवाडीत हसण्याचा विषय करायची नाही. तिच्यातूनच पुढे न्यायचे. तीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या मुलाला एकच काम द्यायचे नाही. धाकटा मोठे मणी ओवील, थोरला लाल-पिवळा-लाल असा क्रम लावील. बिया, मणी यांशी खेळताना डोळ्यांत तेल घालून बसायचे, कारण पोर ते नाकात घालते. जे मूल उशिरा बोलते, ज्याला कमी ऐकू येते, त्याच्याकडे आधी लक्ष द्यायचे आणि आई-बापांना दवाखान्याची वाट दाखवायची. आणि परीक्षा न घेता मुलाची प्रगती कशी बघायची, हेही. कोण कुणाशी खेळतो, कोण किती बोलतो, कुणाला बटण लावता येते, हे बघून वहीत टिपायचे.

पाटाचे पाणी

आता एक कडू गोष्टही सांगतो. प्रशिक्षण झाले म्हणजे काम झाले, असे नाही.

धरणातून पाणी सुटते. ते कालव्यात येते, कालव्यातून चारीत, चारीतून पाटात, पाटातून वाफ्यात. वाटेत थोडे मुरते, थोडे फुटते. शेवटच्या वाफ्याला किती पोचते, हे शेवटच्या शेतकऱ्याला विचारा. प्रशिक्षणाचेही तसेच असते. आधी वरचे अधिकारी आणि पर्यवेक्षिका शिकतात. त्या मग सेविकांना शिकवतात. वरच्याने खेळ करून दाखवला आणि मधल्याने नुसते भाषण दिले, तर खाली वही भरते, हात कोरडेच राहतात. पोहण्यावर तीन दिवस भाषण ऐकले, म्हणून कुणाला विहिरीत पोहता येत नाही.

म्हणून प्रशिक्षणानंतरची मदत महत्त्वाची. पर्यवेक्षिकेने यावे, आणि नुसती रजिस्टरे तपासून जाऊ नये. अर्धा तास मुलांत बसावे. "हा खेळ छान झाला, इथं जरा असं करून बघा" असे सांगावे. शेजारच्या चार गावच्या सेविकांनी महिन्याच्या बैठकीत आपापले अनुभव सांगावेत. एकीला अडले, ते दुसरीला सुचते.

आणि ताईंच्या पाठीवरचे ओझेही बघा. वजन घ्यायचे, उंची मोजायची, गरोदर बायांकडे जायचे, लसीकरणाला बोलवायचे, आहाराचा हिशेब ठेवायचा, आणि सगळे मोबाईलवर भरायचे. रेंज नसेल तर मोबाईल हातात घेऊन टेकाडावर जायचे. यातून मुलांचा वेळ वाचवणे ही अवघड गोष्ट आहे. शेवटच्या वाफ्याचे पाणी अडते ते पुष्कळदा असे.

आणखी एक बांध आहे, आणि तो आपण घालतो. ताई खेळ घेतात आणि आपण दारात उभे राहून म्हणतो, "बाई, खेळ पुरे, काहीतरी शिकवा!" मग त्या भिऊन पुन्हा पाटी काढतात. तीन दिवसांचे शिक्षण आपल्या एका वाक्याने वाया जाते.

आपण काय करायचे?

फार काही नाही. पैसेही लागत नाहीत.

मुलाला रोज आणि वेळेवर पाठवा. आज आहे, उद्या नाही, असे झाले तर ओवलेले मणी सुटतात.

घरी आल्यावर "आज काय लिहिलंस?" असे विचारू नका. "आज काय खेळलास? कुणाबरोबर? कोणती गोष्ट ऐकलीस?" असे विचारा. आणि तो सांगेल ते ऐका.

रिकामी खोकी, कापडाच्या चिंध्या, बाटल्यांची बुचे, मक्याची कणसे, नारळाच्या करवंट्या फेकू नका. धुऊन, पुसून अंगणवाडीत द्या.

तुम्ही कुंभार, सुतार, शिंपी असाल, तर एक दिवस तासभर अंगणवाडीत या. मुलांना आपले काम दाखवा.

पालकांची सभा असेल तेव्हा आयांनी जावे, आणि बापांनीही जावे. मूल दोघांचे आहे.

शेवटची गोष्ट

त्या तरुण बापाला मी म्हटले, "पोराला काढण्याआधी एकदा माझ्याबरोबर चल." आम्ही दोघे अंगणवाडीत भिंतीला टेकून बसलो. मुले बियांचे ढीग करत होती. त्याचा पोरगा दुसऱ्या मुलाला सांगत होता, "ह्या माझ्या सात. तुझ्या पाचच. तुला दोन देऊ का? मग माझ्या पाच राहतील, तुझ्या सात होतील. नको, एकच घे."

बाप माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटले, "हे गणित आहे. वाटून घेणंही आहे. पाटीवर दिसत नाही, इतकंच."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बरं गुरुजी. यंदाचं वर्ष राहू दे इथंच. मग बघू."

आणि आजीबाई? ताईंनी त्यांनाच बोलावणे धाडले. आता दर शनिवारी त्या अंगणवाडीत जातात आणि पोरांना गोष्ट सांगतात. परवा मला म्हणाल्या, "गुरुजी, ताईंनी मला शिकवलं बरं का. गोष्ट सांगता सांगता मधेच थांबायचं. पोरं काय काय बोलत्यात म्हणून सांगू!"

सहा पोरे वाढवलेल्या बाईने हे सांगितले. शिकायला वय नसते, हे तुम्हा-आम्हाला वेगळे सांगायला नको. आपणही तर मोठेपणीच ही पुस्तके वाचायला शिकलो.

वाचा आणि विचार करा

१. वाफशाआधी पेरले तर काय होते? मुलाला घाईने लिहायला लावले तर काय होते?
२. ताराबाई आणि अनुताई वस्तीतल्या अंगणात का गेल्या?
३. तुमच्या गावच्या अंगणवाडीत तुम्ही शेवटचे कधी जाऊन बसला होता?
४. अंगणवाडीला देता येईल अशी कोणती वस्तू आज तुमच्या घरात पडून आहे?